मारकंडेच्या पात्रातलं हाड

चौदावं शतक, सरहिंदजवळ

कुदळी-फावड्यांचा नुसता गदारोळ चालला आहे. तुम्ही एका टेकाडाच्या कडेला उभे आहात आणि खाली, नजर पोचेल तिथवर, माणसं माती उकरताहेत. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याला दोन प्रवाह एकमेकांना जोडायचे आहेत आणि हे टेकाड नेमकं मध्ये आडवं आलं आहे. इतिहासकार म्हणतो, इथे पन्नास हजार मजूर लावले होते. आकडा फुगवलेलाही असेल. धूळ मात्र खरी आहे, तुमच्या दाताखाली करकरते आहे.

एका चरातलं काम एकदम थांबतं. माणसं गोळा होतात. तुम्हीही वाट काढत पुढे जाता. मातीतून हाडं निघाली आहेत. काही हत्तीची म्हणून लगेच ओळखू येतात. पण एक लांबच लांब हाड बघून सगळ्यांची बोलती बंद झाली आहे. हा माणसाचा हात आहे म्हणे, कोपरापासून मनगटापर्यंत तीन गज! काही हाडं पार दगड झालेली, काही अजून हाडासारखीच. कोणे एके काळी इथे राक्षसी देहाची माणसं राहत असणार, असं ठरवून मंडळी पुन्हा कुदळी उचलतात.

तुम्हाला हसू येतं. पण हसण्याआधी जरा विचार करा. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात, त्यामुळे त्याची लांब हाडं माणसाच्या हाडांशी बरीच मिळतीजुळती दिसतात. समोर ना कवटी, ना दात, ना शेजारी ठेवून ताडून बघायला दुसरा सांगाडा. अशा वेळी तुम्ही तरी दुसरं काय म्हटलं असतं? हाड ओळखणं म्हणजे तुलना करणं, आणि इथे तुलनेला माणसाच्या स्वतःच्या हाताखेरीज काही नाही.

ही हकिकत लिहून ठेवली फरिश्त्याने. लहानपणी अहमदनगरच्या निजामशाहीत आलेला आणि पुढे विजापूरला इब्राहिम आदिलशाहाच्या पदरी राहिलेला हा इतिहासकार. घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, दख्खनमध्ये बसून, त्याने उत्तरेतल्या त्या हाडांची नोंद केली. तिच्यात एक गोष्ट लाखमोलाची होती. हाडं कुठे सापडली, ते त्याने सांगितलं होतं. आणखी सव्वादोनशे वर्षांनी एक तरुण डॉक्टर ती ओळ वाचणार आहे. चला, त्याला गाठू.

१८३४ ची थंडी, नाहनच्या पायथ्याशी

आता पायाखाली गोटे आहेत. मारकंडा नदीचं पात्र थंडीत बरंचसं कोरडं पडतं. वर डोंगराच्या धारेवर सिरमूरच्या राजाचं नाहन गाव. दोन्ही बाजूंना शिवालिकच्या टेकड्या, वाळूचा दगड आणि लालसर चिकणमाती यांचे एकावर एक थर. पण हे थर आडवे नाहीत, कोणीतरी एका बाजूने उचलून धरल्यासारखे तिरके झाले आहेत.

पुढे झपाझप चालणारा तो सडपातळ माणूस म्हणजे ह्यू फाल्कनर. स्कॉटलंडचा, वय २६. कंपनी सरकारने त्याला डॉक्टर म्हणून हिंदुस्तानात आणलं आणि सहारनपूरच्या वनस्पती उद्यानावर नेमलं. त्याचा जोडीदार प्रोबी कॉटली तोफखान्यातला अधिकारी, हल्ली यमुनेच्या कालव्यावर काम करतो. पुढे गंगेचा मोठा कालवा काढणारा तो हाच. यमुनेच्या पलीकडे दादूपूरला बेकर आणि ड्युरँड हे दोन तरुण लष्करी इंजिनिअर आहेत. चौघांपैकी एकालाही हाडांच्या अभ्यासासाठी पगार मिळत नाही. सगळा उद्योग सुट्टीच्या दिवसांतला, पदरमोड करून चाललेला. आजच्या भाषेत बोलायचं तर हे सगळे हौशी.

धागा हाती लागला तो असा. नाहनच्या राजाकडून बेकरला हत्तीचा एक दगड झालेला दात मिळाला. फाल्कनरला ते कळलं. त्याने राजाकडे चौकशी केली, दात कोणत्या बाजूला सापडतात ते विचारून घेतलं आणि सरळ त्या दिशेने निघाला. फरिश्त्याची ओळही डोक्यात होतीच. आणि आज त्याला हाडांचा थर उघडा पडलेला सापडला आहे.

वाका आणि बघा. सुरुवातीला तुम्हाला फक्त दगड दिसतील. मग हळूहळू डोळा बसतो. भोवतालच्या वाळूच्या दगडापेक्षा रंग जरा वेगळा, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि तुटलेल्या टोकाला बारीक बारीक छिद्रांची जाळी. एक तुकडा उचला. आकाराच्या मानाने तो चांगलाच जड लागतो, कारण छिद्रांमध्ये खनिजं भरली आहेत. अजून शंका असेल तर तुटक्या बाजूला जीभ लावा. हो, लावाच. छिद्रं पुरती भरलेली नसतील तर ती ओल शोषून घेतात आणि तुकडा जिभेला चिकटतो. साधा दगड सहसा चिकटत नाही. दोनशे वर्षांनंतरही जीवाश्म गोळा करणारी माणसं हेच करताना दिसतील, फक्त कोणी बघत नाही ना याची आधी खात्री करून.

सहा तासांत फाल्कनरकडे तीनशेच्या वर नमुने जमले आहेत. मजूर टोपल्या भरताहेत. तुमच्या हातातही एक हाड आलं आहे. मूठभर, ठोकळ्यासारखं, दोन्ही टोकांना खाचा असलेलं. ते कुणाचं, हे कळायला सहारनपूर गाठावं लागेल. पण निघण्यापूर्वी मागे वळून बघा. तुम्ही ते कोणत्या थरापाशी उचललंत? वरच्या की खालच्या? लक्षात ठेवा. पुढे कोणीतरी हाच प्रश्न विचारणार आहे.

१८३५, सहारनपूर

बंगल्याच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही. जिकडे तिकडे दगड, आणि दगडांमधून डोकावणारे दात. एवढी हाडं असूनही फाल्कनर अडून बसला आहे. पॅरिसला शरीररचनाशास्त्रज्ञ कुव्हिएने अख्खं संग्रहालय उभं केलं, तिथे शेकडो सांगाडे हाताशी. इथे ना संग्रहालय, ना ग्रंथालय. कलकत्ता कित्येक दिवसांच्या वाटेवर आणि युरोप कित्येक महिन्यांच्या. मग या जबड्याची तुलना करायची कशाशी?

तोडगा त्याने आणि कॉटलीने आजूबाजूच्या जंगलातच शोधला. वाघ, रानरेडा, हरणं, जे जे शिकारीत मिळेल त्याची हाडं साफ करून सांगाडा बनवायचा आणि जीवाश्माशेजारी मांडायचा. पडवीच्या टोकाला येणारा तो उग्र वास त्याचाच. तराई आणि दून यांनी या दोघांना घरबसल्या संग्रहालय पुरवलं. शिकारीच्या त्या काळात अनेक साहेबांनी वाघ मारले. दात मोजण्यासाठी मारणारे थोडेच.

आता जवळ या. फाल्कनर सगळ्यात आधी दात हातात घेतो, त्याला कारण आहे. दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग, म्हणून दात सगळ्यात जास्त टिकतात. शिवाय प्राणी काय खातो ते दाताच्या माथ्यावर उमटलेलं असतं. रांगेने बघत चला.

ही दाढ म्हणजे एनॅमलच्या पातळ पट्ट्या एकापुढे एक उभ्या लावून जोडलेल्या: हत्ती. याच कुळातली ही दुसरी दाढ, पण हिच्यावर पट्ट्यांच्या जागी छपराच्या उतारासारख्या बुटक्या वरंब्यांची रांग: हत्तीचा जुना नातलग, स्टेगोडॉन. दाढेवर किती वरंबे आहेत ते मोजून फाल्कनर पुढे हत्तींच्या सगळ्या कुळाची मांडणी करणार आहे. त्याच्या हयातीत हत्तीच्या जीवाश्मांत त्याचा शब्द शेवटचा मानला जाईल. या तिसऱ्या दाढेवर चंद्रकोरींच्या जोड्या: रवंथ करणारा प्राणी, म्हणजे गाय, हरीण, जिराफ यांपैकी कोणी. इथे झिजलेल्या माथ्यावर त्रिदळी नक्षी: पाणघोडा. पाणघोडा, आणि तो हिमालयाच्या पायथ्याशी! त्याच्या खालच्या जबड्याला पुढचे दात सहा आहेत, आफ्रिकेतल्या आजच्या पाणघोड्याला चार. उंच, चौकोनी, आत एनॅमलच्या घड्या पडलेली ही दाढ घोड्याची. आणि गोल उंचवट्यांची ही डुकराची.

आता तुमचं ठोकळ्यासारखं हाड काढा. हे घोट्याचं हाड. तज्ज्ञांची ही लाडकी वस्तू, कारण लहान, भरीव आणि चिवट असल्याने ते नदीत गडगडत येऊनही शाबूत राहतं. त्याच्या खाचेत बोट फिरवा. विहिरीवरच्या रहाटाच्या चाकाला असते तशी गोल पन्हळ. घोडा किंवा गेंड्याच्या घोट्याला अशी पन्हळ एकाच टोकाला असते, घोड्याची तर चांगली तिरकी. हत्तीचं हाड चपटं, पन्हळ जवळपास नाहीच. तुमच्याकडच्या हाडाला वर एक आणि खाली एक, अशा दोन आहेत. म्हणजे प्राणी समखुरी. डुक्कर आणि पाणघोड्यात या दोन पन्हळी एका रेषेत नसतात, थोड्या वाकड्या बसतात. तुमच्या हाडात त्या सरळ एकाखाली एक आहेत. म्हणजे रवंथ करणारा. शेजारच्या रानरेड्याच्या सांगाड्यातलं तेच हाड त्याच्या बाजूला ठेवा. तुमचं मोठं आहे.

तर रानरेड्याहून मोठा, रवंथ करणारा कुणी एक. त्याचं नाव काय, हे या एका हाडावरून कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. चांगला जाणकार ओळखायचा कसा? तो नेमक्या जागी थांबतो.

त्याच पडवीत, छिन्नीच्या आवाजात

कोपऱ्यात एक मोठा धोंडा पडला आहे. मारकंडेजवळच्या एका छोट्या खोऱ्यातून आणलेला. ओढ्यात तो इतर धोंड्यांसारखाच किती तरी काळ पडून होता आणि कोणाचंही त्याच्याकडे लक्ष गेलं नसतं. पण एका कडेला दातांची एक किनार बाहेर आलेली कोणाच्या तरी नजरेला पडली.

छिन्नी चालते. भोवतीचा दगड स्फटिकासारखा कठीण आहे आणि आतलं हाड ठिसूळ. एक घाव चुकला तर मुद्देमाल गेला. पण याच कठीण कवचाने आतला ऐवज जपला आहे. कवच उतरत जातं तसतसं एक अवाढव्य डोकं बाहेर येतं, जवळजवळ हत्तीच्या डोक्याएवढं. दाढांवर स्पष्ट चंद्रकोरी, म्हणजे रवंथ करणारा. दोन डोळ्यांच्या मधून वर आलेली दोन जाड शिंगं, फक्त टोकांशी मोडलेली. आणि नाकाची हाडं उचललेली, कमानीसारखी पुढे आलेली.

आता वाद. अशी नाकाची हाडं टॅपिर आणि गेंड्यात दिसतात, गाईगुरांत नाही. मग याला सोंड होती की काय? फाल्कनर आणि कॉटली सोंड होती असा निष्कर्ष काढतात. डोक्याच्या मागच्या भागाची ठेवण पाहून ते आणखी एक धाडस करतात: याला मागे अजून दोन शिंगं असणार. चार शिंगांचा प्राणी ही कल्पना त्यांना फार दूरची वाटली नाही, कारण भोवतालच्या रानात चौशिंगा हिंडत होताच.

नाव ठेवलं सिवाथेरियम, म्हणजे शिवाचं श्वापद. १८३६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात त्याचं वर्णन छापून आलं आणि युरोपातल्या पंडितांची झोप उडाली. पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रॉय सेंट-हिलेअर म्हणू लागला की हा जिराफाचा नातलग आहे. तो बरोबर होता. चार शिंगांच्या बाबतीत सहारनपूरचे दोघे बरोबर ठरले. सोंडेच्या बाबतीत? ते आपण स्वतःच जाऊन बघू.

सुमारे २० लाख वर्षांपूर्वी, तीच जागा

टेकड्या नाहीत. तुम्ही उभे आहात ती सपाट, गवताळ जमीन आहे. उत्तरेला हिमालय आहे आणि त्याच्यातून निघालेल्या नद्या इथे पसरून, फाटे फुटून, गाळ टाकत वाहताहेत. नंतर ज्या टेकड्या होणार आहेत त्यांची माती आत्ता पाण्यातून चालली आहे.

दचकू नका, पण डावीकडे पाणघोड्यांचा कळप आहे. पलीकडच्या काठावर स्टेगोडॉन उभा आहे, त्याचे सुळे तीन मीटरहून लांब आणि एकमेकांच्या इतके जवळ की मधून सोंड खाली सोडायला जागा नाही. घोडे चरताहेत. उंट आहेत. गवतात माणसाच्या उंचीहून लांब पाठीचं कासव संथपणे चाललं आहे. तेही पुढे फाल्कनर आणि कॉटलीच्याच हाती लागणार आहे. तरस आहेत, आणि खंजिरासारख्या सुळ्यांची मांजरं आहेत, म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेला राहा.

आणि तो बघा. खांद्याशी भक्कम, मान जिराफापेक्षा किती तरी आखूड, पाय ठेंगणे आणि जाड. कपाळावर दोन सुळकेवजा शिंगं, मागे दोन रुंद, पसरट, हाताच्या पंजासारखी फाकलेली. तो मान वर करून झाडाचा पाला ओढतो. नाक मोठं आहे, ओठ जाड आहेत. सोंड नाही. सहारनपूरच्या पडवीत कोणाला हे सांगता आलं असतं तर!

एखादा सिवाथेरियम म्हातारा होऊन नदीकाठी मरतो. तरस येतात, लांब हाडं फोडतात, सांगाडा विखुरतो. घोट्याच्या हाडात मज्जा नसते, म्हणून ते तसंच टाकून देतात. पुराच्या गाळाने चार दिवसांत डोकं झाकलं जातं. मागची फाकलेली शिंगं आधीच निखळून वाहून गेली आहेत. मग वर थरावर थर साठत जातात. जमिनीतलं पाणी हाडाच्या छिद्राछिद्रांत खनिजं सोडतं. हिमालय वर येत राहतो, त्याच्या रेट्याने पायथ्याचा गाळ दुमडतो, तिरका होतो, टेकडी बनतो. पाऊस टेकडी कापतो. एक धोंडा ओढ्यात घरंगळतो, दातांची किनार वर करून.

किती प्राण्यांच्या वाट्याला हे भाग्य येतं? अगदी मूठभरांच्या. म्हणून प्रत्येक हाड अनमोल, आणि म्हणूनच ते हलवताना जे हरवतं तेही तितकंच अनमोल.

१८३६–३७, पुन्हा यमुनाकाठी

फाल्कनर आणि कॉटली यांच्याकडे एक छोटंसं हाड आहे आणि त्यावर ते कोणाशी फारसं बोलत नाहीत. हेही घोट्याचं, पण माकडाचं. उजव्या पायाचं. आजच्या वानराच्या, आपल्या काळतोंड्या हनुमान लंगुराच्या घोट्याशी ते आकारात जुळतं.

या शोधाचं महत्त्व समजून घ्यायला १८३६ मध्ये काय ठाऊक होतं ते आठवावं लागतं. तोवर जगात कुठेही माकडाचा खात्रीचा जीवाश्म सापडला नव्हता. माकड आणि माणूस या मंडळींचा जुन्या थरांत मागमूस नाही, असं मोठमोठे विद्वान सांगत होते. अशा वेळी एका छोट्याशा हाडावर विसंबून उलट विधान करायचं? दोघं थांबले. मग दादूपूरहून बेकर आणि ड्युरँड यांनी वरच्या जबड्याचा तुकडा जाहीर केला, दातांसकट. आता शंकेला जागा उरली नाही, आणि घोट्याचं हाडही पेटीतून बाहेर आलं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये एदुआर लार्ते यालाही जीवाश्म माकड मिळालं.

१८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने फाल्कनर आणि कॉटली या दोघांना मिळून वोलास्टन पदक दिलं. भूशास्त्रातला हा त्या काळचा सर्वोच्च मान. तो मिळाला एका बागेच्या अधीक्षकाला आणि एका कालव्याच्या इंजिनिअरला.

इथे गोष्ट संपवली तर ती सुखान्त होईल. पण तुमच्या हातातल्या हाडाचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

विसाव्या शतकाची सुरुवात, कलकत्ता

टेबलावर कागद पसरून बसलेला हा भूशास्त्रज्ञ म्हणजे गाय पिलग्रिम, जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा. शिवालिकच्या थरांची वर्गवारी करायचं काम त्याने अंगावर घेतलं आहे. ओळखीच्या प्रश्नावर तो तुमचं हाड बघून मान डोलावेल. रवंथ करणारा, मोठा, बरोबर. आणि मग विचारेल: कोणत्या थरातलं?

शिवालिक म्हणजे एक काळ नव्हे. तळापासून माथ्यापर्यंतचे थर साचायला एक कोटीहून किती तरी जास्त वर्षं लागली आहेत. तेवढ्या काळात प्राण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या आल्या आणि गेल्या. मधल्या थरांत खरा घोडा नाहीच, त्याचा तीन खुरांचा चुलता आहे. खरा घोडा येतो तो अगदी वरच्या थरांत. म्हणून पिलग्रिम थरांना नावं देतो, चिंजी, ढोक पठाण, तात्रोत, पिंजोर, आणि कोणता प्राणी कोणत्या थरात, याची यादी मांडतो.

यादी करताना जुन्या पेट्या उघडल्या की मात्र पंचाईत होते. १८३० च्या दशकात गावोगावची माणसं हाडं गोळा करून आणत. त्यांच्या नजरेवर हा सारा डोलारा उभा होता, तरी कागदावर त्यांची नावं सहसा नाहीत. आणि हाड नेमकं कुठून उचललं, हेही नाही. ‘शिवालिक टेकड्या’ एवढीच चिठ्ठी. सिवाथेरियमच्या त्या जगप्रसिद्ध डोक्याची तरी खोऱ्यापर्यंत माहिती आहे. बाकी शेकडो नमुन्यांच्या नशिबी तेही नाही. प्राणी कोण, ते कळतं. तो कधी जगला, कोणासोबत जगला, ते त्या हाडावरून आता कळायचं नाही.

मारकंडेच्या पात्रात मागे वळून थर बघितलात ना? नाहीतर तुमच्या मुठीतल्या हाडाची निम्मी किंमत तिथेच राहिली असती.

१९०५, नांदूर मधमेश्वर

पिलग्रिमच्या मागोमाग आपल्या मुलखात या. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठाला पुराच्या गाळाचे उभे कडे आहेत. नंतर इथे बंधारा होईल, पाणी साठेल, पक्षी येतील, आणि पुढे हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरेल. आत्ता मात्र चर्चा आहे ती गाळातल्या हत्तीची.

कवटी पाहिल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती कपाळावरची कड. माथ्यावरून पुढे आलेला तो जाड कंगोरा आजच्या कुठल्याही हत्तीला नसतो. तो आहे नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या एका हत्तीला. त्याला नाव कोणी दिलं? फाल्कनर आणि कॉटली यांनीच, एलिफास नमादिकस, म्हणजे नर्मदेचा हत्ती. नर्मदेची हाडंही हौशी माणसांनीच पुढे आणली होती, त्यात जबलपूरचे डॉक्टर स्पिल्सबरी आघाडीवर. सहारनपूरच्या पडवीत सुरू झालेली तुलना अशी नर्मदेवरून गोदावरीपर्यंत येऊन पोचते.

पण इथे फरक बघा. पिलग्रिमने हाडाचं नाव सांगून विषय संपवला नाही. हा हत्ती गोदावरीच्या जुन्या गाळात आहे आणि तसाच नर्मदेच्या गाळातही आहे. मग हे दोन गाळ एकाच काळातले का? युरोपातल्या सरळ सुळ्यांच्या हत्तीशी याचं नातं काय? १९०५ साली त्याने या हत्तीवर निबंध प्रसिद्ध केला तो या प्रश्नांसकट. जागा आणि थर ठाऊक होते म्हणून हे प्रश्न विचारता आले. हा हत्ती जमिनीवर होऊन गेलेल्या सगळ्यात मोठ्या सस्तन प्राण्यांत गणला जातो. आपल्या निफाडच्या मळ्यांखाली तो झोपला होता.

२०१६, लंडन

एका खोलीत शेवटचं डोकावून घ्या. नॅचरल हिस्टरी म्युझियममधली सिवाथेरियमची हाडं टेबलावर आहेत, तीच, १८३० च्या दशकात शिवालिकमधून आलेली. ख्रिस्तोफर बसू आणि त्यांचे सहकारी या हाडांचे शेकड्यांनी फोटो काढून संगणकावर सांगाडा जुळवताहेत. हा प्राणी हत्तीएवढा होता असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. हिशेब सांगतो, वजन सुमारे सव्वा टन, म्हणजे मोठ्या जिराफाच्या आसपास. डोकं हत्तीएवढं, पण धड तेवढं नाही. एकशेऐंशी वर्षांपूर्वी गोळा केलेल्या हाडांना नवा प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं, कारण कोणीतरी ती जपून ठेवली होती. ‘कोणत्या थरातलं?’ हा प्रश्न विचारला असता तर मात्र ती मुकीच राहिली असती.

आज, तुमच्या गावची नदी

प्रवास संपला. मारकंडेच्या काठी सुकेतीला आता जीवाश्म उद्यान आहे, १९७४ पासूनचं. तिथे स्टेगोडॉन, पाणघोडे आणि महाकाय कासव यांच्या मोठाल्या प्रतिकृती उभ्या आहेत. मुलांना दाखवायला अवश्य जा. पण हाडं पाहायला तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. गोदावरी, प्रवरा, मांजरा, घोड या नद्यांच्या जुन्या गाळात रानबैल, हत्ती, पाणघोडे यांची हाडं मिळाली आहेत. वाळू काढताना, विहीर खणताना, पूर ओसरल्यावर दरड कोसळली की ती उघडी पडतात. आणि सगळ्यात आधी दिसतात ती शेतकऱ्याला, गुराख्याला, पोकलेनच्या चालकाला, सहलीला आलेल्या शाळकरी पोराला. तज्ज्ञ नेहमी नंतर येतो.

म्हणून एवढं करा. हाड दिसलं की आधी उपटू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक मागची पूर्ण दरड दिसेल असा. मोबाइलवर ठिकाण टिपून घ्या. हाड थरात रुतलेलं होतं की खाली सुटं पडलेलं, थर खडीचा की मातीचा, नदीच्या तळापासून साधारण किती उंचीवर, हे चार ओळींत लिहा. पुराचा धोका असेल आणि उचलावंच लागलं तर कागदात गुंडाळा, धुऊ नका, गोंद किंवा व्हार्निश लावू नका, दोन ठिकाणची हाडं एका पिशवीत टाकू नका. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा जिऑलॉजिकल सर्व्हेचं नागपूर कार्यालय यांना कळवा.

हाड कोणाचं, ते ओळखणारी माणसं आज आहेत, उद्याही असतील. ते कुठे होतं, हे फक्त पहिल्यांदा पाहणाराच सांगू शकतो. तो पाहणारा तुम्ही असाल, तर ती चार ओळींची चिठ्ठी लिहिल्याशिवाय तिथून हलू नका.